एमबीपीएस भरपूर, तरी नेट अडकतं: राउटरची साठवण आणि राउटरचा आवाका

समजा, इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एखाद्या मंडळाला गणपतीतला गाण्याचा कार्यक्रम पुण्या-नाशिकच्या नातलगांना थेट दाखवायचा आहे. जोडणी फायबरची, अपलोड 10 एमबीपीएस. प्रसारणाला 6 लागतात, म्हणजे 4 शिल्लकच राहतात. कार्यक्रम सुरू होतो. तेवढ्यात त्याच वाय-फायवर असलेला कुणाचा तरी फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतो आणि चित्र थबकायला लागतं. स्पीड टेस्ट लावली तर 10 चे 10 दिसतात. मग केबल बदलली जाते, कंपनीला फोन जातो, पुढच्या महिन्यात मोठा प्लॅन घेतला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वाटेतल्या एका डब्यात असतं. त्या डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, किती पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) मावतात आणि तो सेकंदाला किती पॅकेट हाताळू शकतो, हे दोन आकडे कुणी विचारतच नाही.

नेटवर्कमध्ये जिथे दोन किंवा अधिक वाटा एकत्र येतात, त्या जागेला नोड म्हणतात. घरातला राउटर, ऑफिसातली यंत्रं एकमेकांना जोडणारा स्विच, नको ती पॅकेटं अडवणारी फायरवॉल, कंपनीच्या एक्सचेंजमधलं उपकरण हे सगळे नोडच. आलेलं पॅकेट आत घेणं, त्यावरचा पत्ता वाचणं, तो पत्ता तक्त्यात शोधणं, कुठल्या पोर्टातून (तार जोडायच्या जागेतून) बाहेर काढायचं ते ठरवणं आणि पुढची तार मोकळी नसेल तर तोवर ते जपून ठेवणं, एवढं त्याचं काम. जपून ठेवायची जागा म्हणजे बफर. बाकी कामांचा वेग म्हणजे त्याची प्रक्रिया क्षमता. दोन्हींना मर्यादा आहे आणि दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या तऱ्हेने त्रास देतात.

साठवण वाढवली की काय होतं

आधी आकडे. इंटरनेटवरचं मोठं पॅकेट साधारण 1500 बाइटचं, म्हणजे 12,000 बिटचं असतं. 10 एमबीपीएसच्या तारेवर ते टाकायला 1.2 मिलिसेकंद लागतात, 100 वर 0.12, आणि 1 जीबीपीएसवर 12 मायक्रोसेकंद. लिनक्सवर चालणाऱ्या उपकरणांमध्ये बाहेर जाणाऱ्या रांगेची लांबी वर्षानुवर्षं 1000 पॅकेट अशी ठरवून दिलेली असायची. घरगुती राउटर बहुतेक लिनक्सवरच चालतात. ही 1000 पॅकेटची रांग 1 जीबीपीएसच्या तारेवर 12 मिलिसेकंदांत रिकामी होते. तीच रांग 10 एमबीपीएसच्या अपलोडवर रिकामी व्हायला 1.2 सेकंद लागतात. जागा तेवढीच, पण एका ठिकाणी ती कुणाला जाणवत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी फोनवरचं बोलणं अशक्य करते. आवाजासाठी जी.114 ही आंतरराष्ट्रीय शिफारस एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. इथे एकट्या राउटरनेच त्याच्या आठपट घेतले.

मग किती जागा हवी? जुना नियम असा: तारेचा वेग गुणिले फेरीचा वेळ. फेरीचा वेळ म्हणजे पॅकेट जाऊन त्याची पोच परत यायला लागणारा काळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. इंदूर ते मुंबई रस्त्याने सुमारे 600 किलोमीटर, म्हणजे जायला 3 आणि यायला 3 मिलिसेकंद. त्यात वळणं आणि वाटेतली उपकरणं धरून फेरी 20 मिलिसेकंदांची मानू. 10 एमबीपीएस गुणिले 20 मिलिसेकंद म्हणजे 2 लाख बिट, म्हणजेच 25,000 बाइट. सुमारे 17 पॅकेट! 200 मिलिसेकंदांवरच्या परदेशी सर्व्हरसाठी 170 च्या आसपास. जिथे 17 ते 170 पुरतात तिथे 1000 ची जागा ठेवलेली असते.

मोठ्या तारांवर तर हा नियमही जास्तीचा ठरतो. 2004 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अॅपेनझेलर, केस्लासी आणि मॅक्‌कियोन यांनी दाखवलं, की एका तारेवर हजारो स्वतंत्र जोडण्या असतील तर सगळ्या एकाच वेळी फुगत नाहीत, आणि लागणारी जागा जोडण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागता येते. 10 जीबीपीएसच्या तारेवर 250 मिलिसेकंदांच्या फेरीसाठी जुन्या नियमाने 250 कोटी बिटांची साठवण लागते. 50,000 जोडण्या धरल्या तर ती सव्वा कोटीच्याही आत येते.

जास्त जागा असली तर बिघडलं कुठे, पॅकेट वाया तर जाणार नाहीत ना, हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचं उत्तर टीसीपीच्या, म्हणजे पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या नियमांच्या, स्वभावात आहे. फोटो चढवणाऱ्या फोनला वाटेतली तार किती रुंद आहे हे कुणी सांगत नाही. तो वेग वाढवत जातो आणि पॅकेट हरवलं की मागे येतो. हरवलेलं पॅकेट हाच त्याला मिळणारा निरोप. राउटरने 1000 पॅकेट मुकाट्याने साठवून ठेवली तर हा निरोप रांग तुडुंब भरल्यावरच पोचतो. तोवर प्रसारणाची पॅकेटं त्या फोटोंच्या मागे सव्वा सेकंद उभी असतात. रांग थोडी ओसरली की फोन पुन्हा ती भरतो. तार पूर्ण वापरात असते, म्हणून स्पीड टेस्टला सगळं छान दिसतं, आणि वापरणाऱ्याला काहीच नीट चालत नाही. संगणक अभियंते जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास घरच्या जोडणीवर हे मोजून जगासमोर मांडलं, तेव्हापासून त्याला बफरब्लोट (बफर फुगणं) म्हणतात.

साठवण अमर्याद असती तर? हा विचार नेटवर्क अभियंते जॉन नेगल यांनी 1985 मध्येच शेवटपर्यंत नेला होता. त्या काळच्या नियमांत प्रत्येक पॅकेटला ठरावीक काळाचं आयुष्य दिलेलं असे. ते संपलं की वाटेतल्या नोडने ते टाकून द्यायचं. भार क्षमतेपेक्षा जास्त असेल आणि जागा अमर्याद असेल, तर रांग वाढतच जाते. एका टप्प्यानंतर प्रत्येक पॅकेट आपलं आयुष्य रांगेतच संपवतं. म्हणजे अमर्याद साठवण असलेलं, आधी आलेल्याला आधी सोडणारं नेटवर्क जास्त भाराखाली सगळीच पॅकेटं गमावतं. आमच्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष हाच आहे, आणि उपकरणं विकताना ‘मोठा बफर’ हा अजूनही गुण म्हणून सांगितला जातो याचं वाईट वाटतं. बफर क्षणिक उसळी झेलण्यासाठी असतो. येणारं जाणाऱ्यापेक्षा कायम जास्त असेल तर कितीही जागा दिली तरी ती भरते, फरक फक्त कधी भरते एवढाच.

पुढच्याच वर्षी त्याची प्रचिती आली. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधल्या जोडणीचा वेग 32,000 बिटांवरून सेकंदाला 40 बिटांवर आला. अंतर होतं 400 यार्ड, मध्ये फक्त दोन टप्पे. रांगा लांबल्या, पोच उशिरा यायला लागली, पाठवणाऱ्यांना वाटलं पॅकेट हरवलं, त्यांनी तेच पुन्हा पाठवलं आणि तारा त्याच त्या पॅकेटांच्या प्रतींनी भरून गेल्या. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये त्यावर उपाय मांडला: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्याने वेग झपाट्याने कमी करायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. आज प्रत्येक फोनमध्ये याच विचाराची पुढची रूपं चालतात.

जागा अगदी कमी असली तरी गंभीर पेच पडतो, हे त्याआधीच्या आर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपाने, दाखवलं होतं. त्याचे नोड म्हणजे हनीवेल 516 यंत्रं, सुरुवातीची स्मृती 16 बिटांच्या 12,000 शब्दांच्या घरात. मोठा संदेश जास्तीत जास्त 8 पॅकेटांत तुटून जायचा आणि शेवटच्या नोडवर जोडला जायचा. अनेक संदेशांची अर्धी-अर्धी पॅकेटं येऊन सगळी जागा भरली की एकही संदेश पुरा होत नसे आणि राहिलेल्या पॅकेटांना आत यायला जागा नसे. सगळं जागच्या जागी गोठायचं. आर्पानेटच्या रचनाकारांपैकी रॉबर्ट कान यांनी हा धोका आधीच ओळखला होता. मोठा संदेश पाठवण्याआधी पलीकडे 8 जागा राखून घ्यायच्या, हा त्यावर उपाय ठरला.

आवाका एमबीपीएसमध्ये मोजू नका

प्रक्रियेचा हिशेब बिटांचा नसतो, पॅकेटांचा असतो. 64 बाइटच्या पॅकेटचा पत्ता शोधायला 1500 बाइटच्या पॅकेटइतकेच कष्ट पडतात. 12 एमबीपीएसचा डाउनलोड म्हणजे सेकंदाला 1000 मोठी पॅकेटं. आता त्याच 12 एमबीपीएसमध्ये फोन कॉल भरा. साध्या जी.711 पद्धतीचा कॉल दर 20 मिलिसेकंदांना 200 बाइटचं एक पॅकेट पाठवतो, म्हणजे सेकंदाला 50 पॅकेट आणि 80 केबीपीएस. 12 एमबीपीएसमध्ये असे 150 कॉल मावतात आणि त्यांची पॅकेटं होतात 7,500. तार तेवढीच भरली, राउटरचं काम साडेसातपट झालं. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या कॉल सेंटरला घरगुती राउटर का पुरत नाही ते यावरून कळतं.

टोकाचं उदाहरण 1 जीबीपीएसच्या पोर्टाचं. 64 बाइटची पॅकेटं एकामागून एक आली तर दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा आणि सुरुवातीची खूण धरून प्रत्येकी 672 बिट होतात. सेकंदाला 14.88 लाख पॅकेट, आणि एकेका पॅकेटला वेळ 672 नॅनोसेकंद. 1 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात 672 ठोके मिळतात. मुख्य स्मृतीतून एक गोष्ट आणायची तर 60 ते 100 नॅनोसेकंद जातात. म्हणजे स्मृतीकडे सात ते अकरा फेऱ्या केल्या की पॅकेटची वेळ संपली. पत्ता शोधणं, नॅटची (घरातल्या अनेक उपकरणांना बाहेर एकच पत्ता वापरू देणाऱ्या सोयीची) नोंद पाहणं, फायरवॉलचे नियम तपासणं सगळं यातच बसवायचं. म्हणून राउटरमध्ये जोडणीतल्या पहिल्या पॅकेटाचा निर्णय प्रोसेसर घेतो आणि पुढची पॅकेटं वेगळ्या हार्डवेअरकडून परस्पर पाठवली जातात. तुम्ही सेटिंगमध्ये पॅरेंटल कंट्रोल किंवा क्यूओएस (कुठल्या पॅकेटला आधी सोडायचं ते ठरवणारी सोय) चालू करता तेव्हा हा परस्पर मार्ग अनेक उपकरणांत बंद होतो आणि 500 एमबीपीएसची जोडणी 200 वर येऊ शकते. जोडणी चांगलीच असते, डब्याचा प्रोसेसर दमलेला असतो.

पूर्ण दमायच्या कितीतरी आधी उशीर सुरू होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पॅकेटं ठरावीक अंतराने न येता हवी तशी येतात. अशा आवकीसाठी रांगशास्त्राचा सगळ्यात साधा हिशेब सांगतो, की नोड 50 टक्के व्यग्र असेल तर पॅकेटला नुसत्या कामाच्या दुप्पट वेळ लागतो, 80 टक्क्यांना पाचपट, 90 ला दहापट, 95 ला वीसपट. 90 वरून 95 वर जाणं म्हणजे 5 टक्के जादा काम आणि दुप्पट उशीर. जाणते लोक 70-75 टक्क्यांवरच नवीन उपकरणाची तयारी करतात ते यामुळे.

तिसरी मर्यादा तक्त्यांची. इंदूरच्या भंवरकुआँ भागात कोचिंगची मुलं राहतात ती वसतिगृहं घ्या. 80 मुलं, प्रत्येकाची दोन उपकरणं, एकेका उपकरणाच्या 100 जोडण्या धरल्या तर 16,000 नोंदी होतात. नॅट करणाऱ्या राउटरला प्रत्येक जोडणीची नोंद ठेवावी लागते. तक्ता 16,384 नोंदींचा असेल तर तो रोज रात्री काठोकाठ भरतो. त्यात लिनक्समध्ये शांत पडलेल्या टीसीपी जोडणीची नोंद ठेवायचा मूळ काळ 5 दिवसांचा आहे, तो कमी केलेला नसला तर मेलेल्या जोडण्याही जागा अडवून बसतात. याची लक्षणं अगदी ओळखू येण्यासारखी: चालू असलेला व्हिडिओ चालूच राहतो, पण नवीन पान उघडत नाही. जुन्याची नोंद आहे, नव्याला जागा नाही. राउटर बंद करून चालू केला की सगळं सुरळीत होतं, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. इथे प्लॅन 100 चा 300 केला तरी काहीच बदलत नाही. जोडणीचा काळ 5 दिवसांवरून एक-दोन तासांवर आणणं आणि तक्ता मोठा करणं हा इलाज आहे.

हे मोठ्यांनाही चुकत नाही. 12 ऑगस्ट 2014 रोजी इंटरनेटवरच्या जगभरच्या मार्गांचा तक्ता 5,12,000 नोंदींच्या पलीकडे गेला. अनेक जुन्या राउटरांच्या खास शोध-स्मृतीत तेवढीच जागा ठेवलेली होती, आणि त्या दिवशी ठिकठिकाणी नेट अडखळलं.

एका नोडची अडचण शेजाऱ्यांपर्यंत कशी जाते

भरलेल्या नोडसमोर दोनच पर्याय असतात: पॅकेट टाकून द्यायचं, किंवा मागच्याला थांब म्हणायचं. इथरनेटमध्ये थांब सांगण्याची सोय आहे. 1 जीबीपीएसवर एका निरोपाने मागचा पोर्ट जास्तीत जास्त साडेतेहतीस मिलिसेकंद थांबवता येतो. पॅकेट वाया जात नाही म्हणून हे चांगलं वाटतं, पण थांबवलेल्या मागच्या नोडवर आता दुसरीकडे जाणारी पॅकेटंही अडकतात. इंदूरच्या पलासिया चौकात सरळ जाणाऱ्या गाड्या सिग्नलला उभ्या असल्या की त्यांच्या मागे डावीकडे वळणाराही खोळंबतो, त्याचा रस्ता मोकळा असूनसुद्धा. अशी एकेरी रांग आत येणाऱ्या पोर्टावर ठेवली तर मोठ्या स्विचची उपयुक्त क्षमता 58.6 टक्क्यांच्या वर जात नाही, हे 1987 मध्ये गणिताने सिद्ध झालं आहे. म्हणून चांगल्या स्विचमध्ये प्रत्येक बाहेरच्या पोर्टासाठी वेगळी रांग असते. थांब म्हणण्याच्या या सोयीला ‘फ्लो कंट्रोल’ म्हणतात; साध्या ऑफिसच्या स्विचवर ती बंद ठेवलेली बरी.

यात जाळ्याच्या आकृतीचाही वाटा मोठा. एखाद्या कॉलेजच्या 9 विभागांचे स्विच एकाच फायरवॉलला जोडलेले आहेत आणि प्रत्येक विभाग सेकंदाला 1 लाख पॅकेटं दुसऱ्या विभागांना पाठवतो असं समजा. फायरवॉलवर 9 लाख येतात. तिचा आवाका 8 लाखांचा असेल तर सेकंदाला 1 लाख पॅकेटं साचत जातात, मग बफर कितीही असो. ज्या नोडमधून सगळ्यात जास्त वाटा जातात, त्याचा आवाका संपूर्ण जाळ्याची मर्यादा ठरवतो. बफर ही मर्यादा हलवू शकत नाही, तो फक्त मर्यादेच्या आतल्या उसळ्या झेलतो. ज्या दोन विभागांत सर्वांत जास्त देवाणघेवाण आहे त्यांना आपसांत एक थेट तार टाकली तर मात्र मर्यादा खरंच वर सरकते. मधल्या नोडला वळसा घालून जाणारी वाट लांबची असली तरी पॅकेट लवकर पोचू शकतं.

मोजायचं कसं, लावायचं काय

लॅपटॉप तारेने राउटरला जोडा. वाय-फायवर मोजू नका, हवेतली गर्दी आकड्यांत मिसळते. 8.8.8.8 या गूगलच्या सर्व्हरला सतत पिंग (फेरीचा वेळ मोजणारी आज्ञा) लावा आणि एक मिनिट काही न करता आकडा पाहा. मग मोठी फाइल क्लाउडवर चढवायला घ्या, 20 सेकंद थांबा, आणि पुन्हा पाहा. फरक 30 मिलिसेकंदांच्या आत असेल तर राउटर चांगला आहे. 100 च्या वर गेला तर कॉलवर त्रास होणारच. हीच तपासणी डाउनलोडसाठी वेगळी करा, कारण ती रांग दुसऱ्या टोकाला, कंपनीच्या उपकरणात असते. ट्रेसराउटमध्ये (वाटेतल्या प्रत्येक टप्प्याचा वेळ दाखवणाऱ्या आज्ञेत) मधल्याच एका टप्प्याचा आकडा मोठा दिसला आणि पुढचे लहान असले तर त्या टप्प्याला दोष देऊ नका. राउटर पॅकेट पुढे सोडतो ते जलद हार्डवेअरने, पण स्वतःबद्दलच्या चौकशीला उत्तर देतो ते सावकाश, फावल्या वेळात.

फरक मोठा आला तर एसक्यूएम (रांग आखूड ठेवणारी सोय) असलेला राउटर घ्या किंवा चालेल त्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली टाका. त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग सांभाळायची पद्धत निवडा. कोडेल ही कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांची 2012 ची पद्धत. ती रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ रांगेत थांबलं ते मोजते. थांबण्याचा वेळ 100 मिलिसेकंदांच्या पूर्ण अवधीत एकदाही 5 मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर एखादं पॅकेट मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला वेळेत निरोप देते. एसक्यूएमच्या सेटिंगमध्ये वेग मोजलेल्या वेगाच्या 85 ते 90 टक्के लिहा, 10 च्या जागी 9. पूर्ण 10 लिहिले तर रांग पुढच्या मोडेममध्ये जाऊन बसते, जिथे तुमचा हात पोचत नाही. 9 लिहिल्यावर ती तुमच्याच राउटरमध्ये राहते. त्यानंतर स्पीड टेस्ट 9 दाखवेल, त्याची काळजी करू नका. 300 एमबीपीएसच्या वर मात्र आधी राउटरच्या प्रोसेसरचा वापर पाहा, कारण एसक्यूएमला परस्पर मार्ग चालत नाही.

थेट प्रसारणासाठी एवढंही पुरेसं नाही. फोटो चढवणाऱ्या फोनने 4 जोडण्या उघडल्या आणि वाटप जोडणीगणिक समान झालं, तर 9 चे पाच वाटे होतात आणि प्रसारणाला 2 सुद्धा मिळत नाहीत. केकमध्ये वाटप उपकरणागणिक करता येतं, तरी दोन उपकरणांत साडेचार-साडेचार, आणि प्रसारण मागतं 6. म्हणून प्रसारण 720पीवर आणून 4 एमबीपीएसवर ठेवा, पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं करून त्याला अपलोडची 2 एमबीपीएसची मर्यादा घाला, आणि प्रसारणाचा लॅपटॉप तारेवर ठेवा. नवीन राउटर किंवा फायरवॉल घेताना दुकानदाराकडून तीन आकडे लिहून घ्या: 64 बाइटच्या पॅकेटांवर सेकंदाला किती पॅकेट, एकाच वेळी किती जोडण्या, आणि क्यूओएस चालू असताना किती एमबीपीएस.